वाकड्या तोंडाचा सौदा

"पसंत पडलं तर तोंड वाकडं करायचं. न्हाई पडलं तर 'वा वा' म्हनायचं. ध्यानात आलं का?" पिकअप नगरच्या रस्त्याला लावता लावता काकासाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"आलं," लंकाबाई म्हणाल्या. "पन गानं चांगलं लागल्यावर तोंड वाकडं व्हईल कसं?"

"करायचं. कारलं खाल्ल्यागत. दुकानदाराचं ध्यान मालावर नसतंच, गिऱ्हाइकाच्या तोंडावर असतंय. तू हसलीस की भाव वाढला म्हनून समज."

लंकाबाईंनी मांडीवरची कापडी पिशवी घट्ट धरली. पिशवीत दोन म्हशींच्या दुधातून वर्षभर बाजूला काढलेले पैसे होते. ते कशावर घालायचे हे त्यांनी नवऱ्याला न विचारता ठरवलं होतं, आणि लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर असं पहिल्यांदाच घडत होतं.

काकासाहेब म्हणजे घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. बाजारात अशा माणसाला हेडी म्हणतात. या शब्दात थोडा मान असतो आणि खिसा सांभाळायची सूचनाही असते. सदतीस वर्षं त्यांनी बैल, गाई, म्हशी पारखल्या आणि त्यातून एकच गोष्ट शिकले. विकणारा माणूस खोड लपवतो. खोड नसती तर विकायला कशाला आणलं असतं? हा प्रश्न ते आधी जनावरांबद्दल विचारायचे. पुढे प्लॉटबद्दल, मोबाईलबद्दल, फुकटच्या डोळे तपासणी शिबिराबद्दलही विचारू लागले. लेकीला, धनश्रीला, स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाच्या वडिलांना तोंडावर विचारलं होतं, "पोरगं इतकं चांगलं हाय, तर मग आजवर ऱ्हायलं कसं?" ते लग्न झालं, पण व्याही अजून जपूनच बोलतात.

गाण्याचं खूळ लंकाबाईंच्या डोक्यात भरलं ते शेजारच्या स्टेलाबाईंमुळे. स्टेलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. लंकाबाई त्यांच्याकडे रोज दूध घालायच्या. एका सकाळी बाईंच्या घरात गाणं चालू होतं. मोबाईलवर नाही, दोन लाकडी पेट्यांवर. लंकाबाई दाराशीच थांबल्या. गाणाऱ्याच्या मागे तंबोरा वाजत होता आणि त्याच्या चारही तारा एकेक करून वेगळ्या ऐकू येत होत्या. आयुष्यभर त्यांनी गाणी ऐकली होती. आधी रेडिओवर, मग हर्षलने, त्यांच्या मुलाने, पुण्याहून पाठवलेल्या फोनवर. फोनमधला तंबोरा म्हणजे कानाशी घोंगावणारा डास. खरा तंबोरा असा असतो हे त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "मला तसं पायजे." याआधी त्यांनी 'मला पायजे' असं एकदाच म्हटलं होतं, तेही कुकरसाठी.

स्टेलाबाईंनी नगरच्या स्टीफनचा पत्ता दिला. तो जुने अँप्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करून रास्त भावात विकायचा.

"बाईला किती सुटत्यात ह्यात?" काकासाहेबांनी विचारलं होतं.

"काय सुटत्यात?"

"दलाली गं. फुकाट कोन कुनाला पत्ता देतंय?"

स्टीफनचं दुकान गल्लीत आत होतं. माणूस पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, टेबलावर उघडी यंत्रं आणि वायरींचा गुंता. "या काका, या मावशी. स्टेलाताईचा फोन आला होता."

"तुमच्या कोन लागत्यात त्या?"

"चुलत बहीण."

काकासाहेबांनी लंकाबाईंकडे पाहून खाकरून घेतलं. ते खाकरणं म्हणजे 'बघ, सांगितलं नव्हतं?' असं होतं.

"बजेट किती आहे ते आधी सांगा, म्हणजे उगाच महागाचं दाखवत नाही," स्टीफन म्हणाला.

काकासाहेबांना हसू आवरेना. आपल्या खिशात किती आहेत हे विकणाऱ्यालाच सांगायचं! "बजेट-बिजेट काय न्हाई. नुसतं बघाय आलोय. एका लग्नाला आल्तो, जाता जाता वळलो."

"आज? आज तर तिथी नाही."

"आसंल एकाचं."

स्टीफनने विषय वाढवला नाही. तो म्हणाला, "एक सांगून ठेवतो. पैसे मोजके असतील तर स्पीकरवर जास्त घाला, अँप्लिफायर साधा चालतो. आणि वॅटच्या आकड्याला भुलू नका. घरात ऐकायला पंचवीस वॅट पुष्कळ झाले."

काकासाहेब सावध झाले. कमी घ्या म्हणणारा दुकानदार त्यांनी आजवर पाहिला नव्हता. असा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर फार मोठ्या तयारीचा असतो.

पहिल्यांदा स्टीफनने एक काळाभोर संच लावला. नव्यासारखा चकचकीत, खाली टोपलीएवढा खोका, आणि आवाजाबरोबर उघडझाप करणारे निळे-तांबडे दिवे. गाणं सुरू झालं तशी टेबलावरची पाण्याची बाटली थरथरू लागली. लंकाबाईंच्या छातीत धाडधाड व्हायला लागलं. कधी थांबतंय असं त्यांना झालं, आणि मग शिकवलेलं आठवलं.

"वा वा!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "लई झ्याक! असं तर मी कदीच न्हाई ऐकलं."

हे शेवटचं वाक्य खरंच होतं. स्टीफनने मान डोलावली आणि मनात नोंद करून ठेवली.

मग त्याने कोपऱ्यातल्या दोन तपकिरी पेट्या पुढे ओढल्या. "या घरच्याच. एकीचा कोपरा उंदराने कुरतडलाय. दुसरीचं कापड मी बदललंय, रंग थोडा वेगळा दिसतो. आणि दणका हवा असेल तर या तुमच्या कामाच्या नाहीत."

काकासाहेब बघतच राहिले. न विचारता तीन खोडी! सदतीस वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. तीन उघड सांगणारा चौथी केवढी लपवत असेल, या विचाराने त्यांना घाम फुटला. त्यांनी एक पेटी उचलून वजन बघितलं, पाठीवर थाप मारली, मागच्या भोकात बोट घातलं आणि मग बोटाचा वास घेतला.

"काका, काय बघताय?"

"काय न्हाई. जरा भाईर नेऊन वाजवून दाखवा. लांबून ऐकतो."

"घरातच ऐकायच्या आहेत ना?"

"तरी बी."

स्टीफनने बाहेर काही नेलं नाही, तिथेच लावल्या. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग तंबोरा लागला. चार तारा, एकामागून एक, जणू कोणी खोलीतच मांडी घालून बसलंय. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, भजन म्हणणारा, बिनघाईचा. लंकाबाईंना स्टेलाबाईंच्या दारातली सकाळ आठवली. हे तर त्याच्याही वरचं होतं. त्यांनी तोंड वाकडं केलं, अगदी मनापासून केलं, पण डोळ्यांना कोणी काही शिकवलं नव्हतं. ते भरून वाहायला लागले.

स्टीफनने घाबरून गाणं बंद केलं. "मावशी, त्रास होतोय का?"

"त्रास न्हाई तर काय!" काकासाहेब खुशीत पुढे सरसावले. बायकोने तोंड तर फारच झकास वाकडं केलं होतं. रडायचं ठरलं नव्हतं, पण कामाला आलं. "आवो, ह्यो काय आवाज हाय? ह्या खोक्यात कोंबड्या खुडूक बसवाव्या. दुसरा उपेग न्हाई ह्यांचा."

स्टीफनने पेट्यांवर फडकं टाकलं.

आता बाजारातली जुनी चाल खेळायची होती. ज्या जनावरावर मन बसलंय त्याच्यापासून लांब उभं राहायचं, भलत्याच जनावरापाशी जाऊन बोलणं काढायचं आणि हळूच नजरेने खरं कोणतं ते दाखवायचं. काकासाहेब दिव्यांच्या संचापाशी जाऊन उभे राहिले. नजर तपकिरी पेट्यांकडे टाकली. खांद्यावरचा टॉवेल उजव्या हातावर टाकला आणि तो हात स्टीफनपुढे केला. घोडेगावात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. टॉवेलखाली बोटं धरायची, बोटांवर भाव ठरवायचा, आजूबाजूच्या कोणाला कळू द्यायचा नाही. आणि शेवटी पूर्ण हात धरून हलवला की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी मागे फिरायचं नाही.

स्टीफन जन्मात जनावरांच्या बाजाराला गेला नव्हता. गिऱ्हाईक दिव्यांच्या संचापाशी उभं आहे, मावशींनी त्याच संचाला 'वा वा' म्हटलंय, आणि काकांनी हात पुढे केलाय, एवढंच त्याने पाहिलं. टॉवेल कशाला हे त्याला समजलं नाही. हाताला काही लागलं असेल म्हणून त्याने अलगद, दोन्ही हातांनी, टॉवेलसकट तो हात धरला आणि प्रेमाने हलवला.

"झालं काका. मावशींना आवडलं, तेच महत्त्वाचं. किमतीची चिठ्ठी वर लावलेली आहे, त्यात पाचशे कमी द्या."

काकासाहेबांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांचा स्वतःचा हात त्यांच्या डोळ्यांदेखत हलवला गेला होता. लंकाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने टॉवेलकडे बघितलं.

येताना पिकअपमध्ये, कासऱ्याने बांधलेला दिव्यांचा संच आणि चार पेंढ्या कडबा मागे होता. पुढे लंकाबाई रिकाम्या पिशवीच्या घड्या घालत होत्या.

"आता काय करनार," शेवटी काकासाहेब म्हणाले. "हात दिला गेला. हात दिल्यावर मी आजवर मागं फिरलो न्हाई."

घरी संच लावला तेव्हा धारा काढायची वेळ झाली होती. पहिल्याच दणक्याला थोरल्या म्हशीने पान्हा चोरला. समोरच्या घरातला कानिफनाथ डोक्याला टापशी बांधत बाहेर आला आणि हळद कोणाची आहे म्हणून विचारू लागला. काकासाहेबांनी आवाज कमी करून पाहिला. मग नुसते दिवे लागले आणि गाणं गेलं.

"तसं वाईट न्हाई," ते म्हणाले. "चांगलंच हाय म्हनायचं."

लंकाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमी चांगलं म्हनला म्हंजे वाईट हाय ना?"

"तसं नव्हं गं."

"मग कसं? तुमच्या तोंडावरून कुनाला कदी काय कळलंय का? राहात्याला माहेरी मला बघाय आल्ता, तवा बी असंच. च्या पिला, माझ्याकडं बगितलं आन तोंड असं केलं." लंकाबाईंनी करून दाखवलं. कारल्याच्या मानाने ते फारच कडू होतं. "आयेनं दारामागून बगितलं. म्हनली, पोराला पोरगी पसंत न्हाई, बापाच्या धाकानं करतोय. छत्तीस वर्सं मी तेच धरून बसलेय."

काकासाहेबांच्या हातातला रिमोट खाली पडला. "आगं खुळी का काय तू? लई पसंत हुती! म्हनून तर तोंड वाकडं झालं. त्या टायमाला नवीनच धंद्याला लागल्तो, तोंडाला सवयच लागल्ती."

"लई पसंत हुती?"

"लई म्हंजे लई!"

लंकाबाईंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "सकाळी तुमीच शिकवलं. पसंत न्हाई पडलं की वा वा म्हनायचं. आता ह्याला मी काय समजू?"

काकासाहेबांना फार वाईट वाटलं. चांगल्याला चांगलं म्हणून ते खरं वाटावं, अशी सोयच त्यांनी स्वतःसाठी ठेवली नव्हती. आणि तंबोरा तर कुठल्या कुठे राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संच पुन्हा पिकअपमध्ये चढवला. लंकाबाई न सांगता शेजारी येऊन बसल्या.

"सौदा मोडाय आलोय," दुकानात शिरताच काकासाहेब खाली मान घालून म्हणाले. सदतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि प्रत्येकाला सुनावलं होतं.

"काही हरकत नाही, ठेवा इथे," स्टीफन म्हणाला.

इतक्या सहज परत घेतोय म्हटल्यावर काकासाहेबांना लगेच संशय आला, पण त्यांनी तो गिळला. "त्याच्याबदली त्या तपकिरी द्या."

"त्या नाही देणार."

"का?"

"कोंबड्या," स्टीफन म्हणाला.

"आवो, ती बोलायची रीत हाय! माल घ्यायचा म्हटल्यावर नावं ठेवावीच लागत्यात."

"माझ्याकडे नाही ती रीत. ज्याला ऐकू येतं त्यालाच त्या द्यायच्या, असं ठरवलंय मी. मावशींना तर त्रास झाला."

काकासाहेबांनी सवयीने कोपर मारलं, पण लंकाबाई बोलल्याच. "त्रास न्हाई झाला, भाऊ. तंबोरा ऐकून रडू आलं मला. तोंड वाकडं केलं ते ह्यांनी शिकवलं म्हनून."

स्टीफनने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दोघांना नीट पाहिलं. "मावशींचं समजलं. पण घरात दोघं आहात. काका, बसा. ऐका आणि मला सांगा, तुम्हाला काय ऐकू आलं."

काकासाहेबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ही तर पारख होती, आणि पारखीला ते कधी नाही म्हणाले नव्हते. ते स्टुलावर बसले. डोळे मिटले. पुन्हा तोच तंबोरा लागला, पुन्हा तेच भजन. लंकाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. नवरा आता काही भलतंच बोलला तर पेट्या जन्मात मिळणार नव्हत्या.

गाणं संपलं. डोळे न उघडता काकासाहेब म्हणाले, "म्हातारा हाय. पासष्टीच्या पुढं गेलेला."

"बरं."

"छाती चांगली भरलेली, पन दम लगी लगी घ्यावा लागतोय. बसून गातोय, मांडी घालून, मदीच एकदा मांडी बदलली. आन..." त्यांनी डोळे उघडले. "वरचे म्होरले दोन दात न्हाईत. दर खेपंला तिथून वारा निसटतोय."

स्टीफन उभा होता तो खाली बसला.

"काल त्या दिव्याच्या खोक्यात तुमी हेच गानं लावलं आसतं ना," काकासाहेब आता रंगात आले होते, "तर ह्यो म्हातारा तिशीतला वाटला आसता. ते खोकं म्हंजे शिंगं तासून, रंग देऊन उभा केलेला बैल. ह्या पेट्या तसल्या न्हाईत. ह्या काय झाकत न्हाईत. जसं हाय तसं म्होरं मांडत्यात."

"माझे वडील आहेत ते," स्टीफन म्हणाला. "याकोब मास्तर. सदुसष्टाव्या वर्षी चर्चमध्ये भजन म्हटलं, तेव्हाचं रेकॉर्डिंग. आठ दिवसांनी कवळी बसणार होती. मी म्हटलं, बाबा, दात आल्यावर करू. ते म्हणाले, तोवर मी राहीन कशावरून. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन. किती गिऱ्हाइकांना हे ऐकवलं. सगळे म्हणतात बेस कमी आहे. दातांचं आज पहिल्यांदा कोणी बोललं."

ते ऐकून काकासाहेबांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. विकणाऱ्याच्या तोंडावर ते म्हणाले, "लई चांगल्या पेट्या हायत तुमच्या. एकच नंबर." बोलून गेल्यावर मात्र ते घाबरले आणि भाव चढायची वाट बघत उभे राहिले.

"कालच्याच पैशात न्या," स्टीफन म्हणाला. "साधा अँप्लिफायर जोडून देतो."

"एवढं कौतुक केलं तरी वाढवला न्हाई," काकासाहेब बायकोच्या कानाशी कुजबुजले. "काय आसंल गं ह्यात?"

लंकाबाईंचं लक्ष नव्हतं. त्या पेट्यांकडे बघत काहीतरी ठरवत होत्या. "भाऊ, ह्या काय झाकत न्हाईत, हे खरं ना?"

"काकांनीच सांगितलं की."

"मग ह्याला माईक लागतो का?"

"लागतो ना." स्टीफनने कपाटातून माईक काढला, मागे जोडला, टकटक करून बघितला. लंकाबाईंनी तो घेतला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"बोला," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काल चुलीपाशी म्हनला ते. राहात्याचं."

"आगं, ह्या भाऊसमोर?"

"व्हय."

काकासाहेबांनी स्टीफनकडे बघितलं. स्टीफन एकदम वायरी गुंडाळू लागला. काकासाहेबांनी माईक दोन्ही हातांनी धरला, घसा साफ केला, तो आवाजही खोलीभर झाला, आणि ते म्हणाले, "पसंत हुती. लई पसंत हुती."

दोन्ही पेट्यांमधून शब्द बाहेर आले. थोडे घोगरे आणि शेवटाला जरा कापरे. लंकाबाई डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होत्या.

"स्टीफनभाऊ, जरा आवाज वाढवा," मग त्या म्हणाल्या. "आन तुमी, परत म्हना."